बुजवलेले झरोके

अठरा मे. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. बोरखडी गाव. मातीच्या खोलीचे चारही झरोके चिंध्यांनी बुजवलेले होते.

"हे कुणी केलं?" कनिष्ठ अभियंता मन्मथ बिडवेनं विचारलं.

"मी," लालमियाँ उस्ताद म्हणाले.

म्हाताऱ्या गवंड्याची हयात माती-चुन्यात गेली होती. कॉलेजात जाण्याआधी दोन उन्हाळे मन्मथनं त्यांच्याच हाताखाली भिंतींसाठी मातीचा गारा तुडवला होता. आज त्याच्या खिशात नोटीस होती. खोली कच्ची आहे, पाडा.

खोलीत आरोग्य उपकेंद्राचा लसींचा फ्रिज होता आणि त्याला वीज देणाऱ्या सोलरच्या बॅटऱ्या. खरं तर हे सगळं समोरच्या नव्या स्लॅबच्या इमारतीत असायला हवं होतं. तिथं उन्हाळ्यात बॅटऱ्या तापायच्या आणि दुपारी आपोआप बंद पडायच्या. नर्स अनुसयाबाईंनी चौदा महिने तक्रारी केल्या. एकीलाही उत्तर आलं नाही. शेवटी त्यांनी सामान उचलून इथं, उस्तादांनी बांधलेल्या खोलीत आणलं. त्याची नोटीस मात्र आठवड्यात आली.

"हवा खेळती नाही. नोटिशीतला पहिला मुद्दा," मन्मथ म्हणाला. "एवढं तर तुम्हालाही कळायला हवं, उस्ताद."

"मी शिकवलं होतं. तू निम्मंच ऐकलंस. दुपारी कायम गायब असायचास."

फ्रिजमागून अनुसयाबाई हसल्या.

मन्मथचे कान तापले. "मस्करी नको. उद्या जेसीबी येणार आहे. इथं फ्रिज-बॅटऱ्यांशिवाय काय साठवलंय, ते सांगा. कागदावर काय लिहू?"

"रात्र," उस्ताद म्हणाले.

...

"आधी मोज," ते म्हणाले.

मन्मथनं तापमापक धरला. एकतीस. जागा बदलून पुन्हा धरला. एकतीस. दहा मिनिटांपूर्वी समोरच्या इमारतीत त्यानंच मोजलं होतं. सेहेचाळीस.

"आता तुझा पहिला मुद्दा मिटवू." उस्ताद उठले आणि पश्चिमेच्या झरोक्यातली चिंधी त्यांनी ओढून काढली.

भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ मन्मथच्या चेहऱ्यावर आली. हातातला आकडा चढू लागला. तेहतीस. चौतीस...

"उद्या बावीस बाळांना टोचायचंय, साहेब," अनुसयाबाई म्हणाल्या. "तुमचं शिक्षण जरा लवकर आटपा."

"बुजवा," मन्मथ म्हणाला.

उस्तादांनी चिंधी त्याच्या हातात दिली.

मन्मथनं ती दोन्ही हातांनी कोंबली. आधी कडा, मग मध्य. हात विसरले नव्हते.

"मावळल्यावर काढायची?" त्यानं विचारलं.

"आणि उगवायच्या आत लावायची. रात्रभर भिंत गारवा पिते. दिवसभर तोच पुरवते."

मन्मथ जमिनीवर बसला. मांडीवर पाहणी अहवाल ठेवून त्यानं दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. खाली लिहिलं, 'बॅटऱ्या व फ्रिज येथेच ठेवावेत. खोली पाडू नये. नोटीस चुकीची आहे.' मग पूर्ण नावानं सही केली. जेसीबीवाल्याला फोन लावून म्हणाला, "उद्या येऊ नकोस. परवाही नको."

अनुसयाबाईंनी अहवालाचा फोटो काढून घेतला. "तुमच्या ऑफिसात कागद फार हरवतात, साहेब."

"हा नाही हरवायचा," मन्मथ म्हणाला. आल्यापासून पहिल्यांदाच तो हसला. फ्रिज संथपणे घुमत होता. बाहेर ऊन पेटलेलं होतं आणि खोली उभी राहणार होती.

"समोरच्या इमारतीचा नकाशा असेल तुझ्याकडं," उस्ताद म्हणाले.

मन्मथनं फायलीतून काढून तो जमिनीवर पसरला. कोपऱ्यात काम पूर्ण झाल्याचा शिक्का होता, मन्मथच्या वरिष्ठ साहेबांची सही होती.

उस्तादांचं चुन्यानं चिरलेलं बोट कागदावरून सावकाश फिरलं. चार जागी थांबलं.

"कागदावर चार झरोके आहेत, बेटा. भिंतीत एकही नाही."