ओलेनाच्या टेकडीवरचे उघडे हात

टोप्या कानांवर ओढून घ्या, मंडळी, आणि वहिनी, तुम्ही जरा या गाडीच्या आडोशाला या. नोव्हेंबरातला अल्बर्टाचा वारा पाहुणारावळा ओळखत नाही. समोर माळावर ती बुटकी टेकडी दिसते ना, माथ्यावर जमिनीतून लोखंडी नळ वर आलाय ती? तीच ओलेनाची टेकडी. नळ कधीच बंद पडला, आता त्यातून काही येत नाही. तरीही आमच्या हॅरोबी गावातली तेलविहिरींवर काम करणारी झाडून सगळी माणसं आज तिथे रांग लावतील. हिवाळ्याच्या कामाचा पहिला दिवस आहे ना. एकेकानं हातमोजा काढायचा, डोळे मिटायचे आणि उजवा हात पुढे करायचा. घरातली बाई त्याच्या एका बोटाला हात लावते, आणि कोणतं बोट ते त्यानं सांगायचं. सांगता आलं तर तो विहिरीच्या मनोऱ्यावर चढतो. नाही आलं तर हिवाळाभर खालचं काम. फोटो खुशाल काढा, पण हसू नका. गेल्या वर्षी सांगलीचे एक पाहुणे हसले, तर परतीला त्यांना कुणी गाडीत घेईना.

ही रीत कशी पडली ते सांगते. रांग लागायला अजून वेळ आहे.

पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या वर्षातली गोष्ट, असं सांगतात. या भागात जमिनीखाली तेल आहे, वायू आहे अशी आवई उठली आणि कॅलगरी शहरात कंपन्यांचं नुसतं पेव फुटलं. न्हाव्याच्या दुकानातसुद्धा शेअर विकायला ठेवलेले असत म्हणे. बहुतेक कंपन्यांपाशी दारावरची पाटी आणि छापील कागद, बाकी आनंदीआनंद. 'प्रेअरी क्राउन' नावाच्या कंपनीपाशी निदान एक खरीखुरी विहीर होती, ती या टेकडीवर. आणि त्या विहिरीवर ड्रिलर होता एझ्रा टॉमलिन.

ड्रिलर म्हणजे विहिरीवरचा मुख्य कारागीर. त्या काळी विहीर खणायची म्हणजे आजच्यासारखं गरगर फिरणारं यंत्र नव्हतं. लाकडी मनोऱ्याखाली एक जाडजूड तुळई वाफेच्या इंजिनावर खालीवर व्हायची. तुळईला दोर, दोराच्या टोकाला बैलाच्या वजनाची पोलादी छिन्नी. उचलायची, आपटायची, पुन्हा उचलायची. ती छिन्नी दोन हजार फूट खाली काय करते आहे, हे दिसणार कसं? म्हणून ड्रिलर दिवसभर दोरावर उघडा हात ठेवून बसायचा. खडक कठीण लागला की मऊ, पाणी आलं की वायू, हे सगळं त्याला हातानं कळायचं. वैद्यानं नाडी बघावी तसं. त्यामुळे विहिरीवर ड्रिलरचा शब्द शेवटचा. तो म्हणाला थांबा, की मालकानंही थांबायचं. तो म्हणाला सगळं ठीक आहे, की दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही.

एझ्रा मूळचा तिकडे कॅनडाच्या पूर्वेकडच्या पेट्रोलिया गावचा. तरुणपणी तो समुद्र ओलांडून युरोपात, गॅलिशियातल्या बोरिस्लावच्या तेलविहिरी खणायला गेला, आणि येताना तिथलीच मुलगी लग्न करून घेऊन आला. तीच ओलेना. ती इथे कामगारांच्या तळावर स्वयंपाक करायची. पण दोराची भाषा तिला नवऱ्याच्या आधीपासून येत होती. तिचा बाप हातानं खणलेल्या खड्ड्यात उतरायचा आणि त्याच्या कमरेचा दोर वर तिच्या हातात असायचा. एके दिवशी खड्ड्यात वायू साठला होता आणि कुणा शहाण्यानं वरून कंदील सोडला. भडका उडाला. हातातला दोर हलका झाला, एवढंच ओलेनाला कळलं. तेव्हापासून आग आणि वायू एका ठिकाणी म्हटलं की तिचे हातपाय गार पडायचे.

आता ऐका. त्या जानेवारीत मोठं हिमवादळ झालं. दोर अडकला म्हणून एझ्रा दोन तास उघड्या हातांनी मनोऱ्यावर चढून बसला. हात काळे-निळे पडले, मग बरे दिसायला लागले. आठवड्यानं त्यानं भट्टीतून पावाचं तापलेलं पत्र्याचं भांडं उघड्या हातांनी उचललं आणि ते तसंच धरून तो बायकोशी गप्पा मारत उभा राहिला. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा कुठे त्यानं खाली बघितलं. दोन्ही हातांच्या बोटांमधली जाणीव पार गेली होती.

बिनबोटांचा शिंपी आणि बिनजाणिवेचा ड्रिलर, दोघांनाही कोण कामावर ठेवणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे इथल्या लोकांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. सगळ्याच ड्रिलरांचे हात थंडीनं थोडेथोडे मरायचे आणि सगळेच ते लपवायचे. एझ्रानंही बायकोला शपथ घातली. मग दोघांनी एक युक्ती काढली. कॉफी द्यायच्या निमित्तानं ओलेना दिवसातून चार वेळा विहिरीवर जायची, नवऱ्याशी बोलता बोलता दोराला हात लावायची आणि काय लागलं ते आपल्या भाषेत त्याला सांगायची. तो तेच इंग्रजीत मोठ्यानं सांगायचा. लोक म्हणायचे, काय प्रेम आहे हो दोघांचं! प्रेम होतंच, पण चार महिने त्या बाईचा जीव टांगणीला लागला होता, असं सांगतात. दोन कॉफींच्या मधल्या वेळात दोरावर फक्त मेलेला हात असायचा, आणि हे साऱ्या तळावर तिला एकटीला ठाऊक होतं. भांडी घासताना, कणीक मळताना तिचा कान सारखा छिन्नीच्या आपटण्याकडे.

मे महिन्यात कंपनीचे संचालक ग्रेंजरसाहेब यांनी चाळीस पाहुणे आणायचं ठरवलं. शेअर घेतलेले, घेऊ घातलेले, त्यांच्या टोपीवाल्या बायका, सगळा लवाजमा. चालू विहीर दाखवायची आणि गरमागरम जेवण घालायचं. म्हणजे ओलेनाची चूल पहाटेपासून पेटलेली. विहिरीपाशी बॉयलरची आग, छिन्नीला धार लावायच्या लोहारभट्टीची आग, वर पाहुण्यांच्या चिरुटांची.

सकाळी पाहुणे यायच्या आधी तिनं धावत जाऊन दोराला हात लावला. दोर रोजच्यापेक्षा हलका लागला, आणि आपटल्यावर त्याला एक बारीक कंप येत होता. तिनं एझ्राला सांगितलं की काम थांबव, आगी विझव, मला हे बरं दिसत नाही. एझ्रा म्हणाला, आज तुळई थांबली तर साहेब कारण विचारील, आणि कारण विचारलं की हात बघेल. जेवणं होऊ देत, मग थांबवतो. तिनं हात जोडले, तो ऐकेना. शेवटी ती चुलीपाशी परत आली. चाळीस माणसांचा रस्सा उतू जात होता आणि तिला बटाटे सोलायचे सुचत नव्हते.

भर दुपारी आपटण्याचा आवाज बदलला. खणखणीत पडायचा तो ठोका मऊ पडायला लागला. खालून काहीतरी छिन्नीला उचलून धरत होतं. ओलेना हातातल्या डावासकट टेकडी चढली. वर पाहुणे गोल करून उभे, साहेब त्यांना समजावून सांगताहेत, एझ्रा दोरावर हात ठेवून शांत बसलेला. तिनं दोराला हात लावला. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब नाचावेत तसा दोर नाचत होता. तिनं नवऱ्याला आपल्या भाषेत सांगितलं की वायू आला, अगदी वर आला.

साहेबांनी विचारलं, ही काय म्हणते आहे? सगळे एझ्राकडे बघायला लागले.

"दोर शांत आहे, साहेब," एझ्रा म्हणाला. "बाईला गर्दीची सवय नाही."

झालं. ड्रिलर बोलला, विषय संपला. साहेबांनी हसून चिरूट पुन्हा ओढायला घेतला. दोन हात अंतरावर नवरा बसलाय, ज्याच्यासाठी तिनं देश सोडला. तोंड उघडलं तर त्याची भाकरी जाणार आणि अब्रूही जाणार, तीही चारचौघांत. नाही उघडलं तर पन्नास माणसं जाणार, आणि त्यात तोही. ती तिथे किती वेळ उभी राहिली, कुणी म्हणतात दहा ठोके, कुणी म्हणतात वीस. मग तिनं नवऱ्याचा उजवा हात दोरावरून उचलून आपल्या हातात घेतला.

"एझ्रा, डोळे मीट," ती इंग्रजीत म्हणाली, सगळ्यांना कळावं म्हणून. "मी कोणतं बोट धरलंय, सांग."

एझ्रानं डोळे मिटले. का मिटले, हे त्यालाही पुढे कधी सांगता आलं नाही.

"अंगठा," तो म्हणाला.

तिनं करंगळी धरली होती. चाळीस पाहुण्यांनी ती बघितली.

"याचे हात मेलेत, साहेब. जानेवारीपासून दोर मी बघते आहे. आता आगी विझवा."

साहेबांना हसावं की रागवावं कळेना. पण बॉयलरवरचा मॅकारा नावाचा माणूस साहेबांच्या हुकमाला थांबला नाही. त्यानं निखारे बाहेर ओढले आणि बादल्यावर बादल्या पाणी मारलं. कुणीतरी लोहारभट्टी विझवली. वारा येत होता त्या अंगाला पाहुण्यांना पिटाळलं, बायकांच्या टोप्या उडाल्या, चिरूट चिखलात गेले. ओलेना खाली धावली आणि चाळीस माणसांचा रस्सा तिनं स्वतःच्या हातानं चुलीत ओतला.

चुलीची वाफ विरायच्या आत विहीर उसळली, असं सांगतात. दोर, चिखल, पाणी मनोऱ्याच्या वर गेलं आणि असा आवाज सुरू झाला की शेजारच्याचं बोलणं त्याच्या ओठांवरून ओळखावं लागे. एकोणीस दिवस तो वायू मोकळा सुटला होता. सुटणाऱ्या वायूच्या गारव्यानं मे महिन्याच्या उन्हात या नळाला बर्फ धरला. पंचवीस मैलांवरच्या गायींनी दूध चोरलं म्हणे. खरं-खोटं त्या गायींनाच ठाऊक. पण एक ठिणगी तिथे नव्हती, आणि एकाही माणसाला इजा झाली नाही.

कंपनीचं नाव झालं. साहेबांची तसबीर वर्तमानपत्रात आली. एझ्राला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. ज्या माणसाच्या शब्दापुढे मालक गप्प बसायचे, त्याला तळावरचं कुणी हाक मारीना. आणि त्या दिवसापासून तो बायकोशी बोलला नाही. मे संपला, उन्हाळा संपला, गहू कापून झाला, तरी नाही. ओलेनानं गावात खाणावळ काढली. तो लाकडं फोडायचा, पाणी भरायचा, ताट समोर आलं की जेवायचा. आपण केलं ते चूक की बरोबर, हे तिला विचारायलाही माणूस उरलं नव्हतं. ती रडायची आणि भाकऱ्या भाजायची.

नोव्हेंबरात टेकडीपलीकडे नवीन विहीर सुरू व्हायची होती. आदल्या दिवशी तिच्या खाणावळीत अठरा कामगार जेवायला बसले. वाढता वाढता तिला दिसलं की एकानं उकळत्या कॉफीचा पत्र्याचा पेला मुठीत गच्च धरलाय आणि तो मजेत गप्पा मारतोय. तिनं पातेलं खाली ठेवलं. मग सगळ्यांना सांगितलं, जेवण झालं की टेकडीवर चला, डोळे मिटा आणि मला हात दाखवा. मी कुणाला काढायला सांगणार नाही, फक्त ज्याला कळत नाही त्यानं दोर धरू नये.

माणसं टेकडीपर्यंत आली, कारण ती जेवायला घालत होती. पण पुढे कुणी होईना. सगळ्यांचे हात खिशात. एकमेकांकडे बघून हसताहेत, बुटानं बर्फ उकरताहेत. कारण या बाईनं स्वतःच्या नवऱ्याचं काय केलं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ओलेना वाऱ्यात एकटी हात पुढे करून उभी राहिली. आता ही सगळी उद्या तशीच जाणार, असं तिला वाटलं.

तेवढ्यात लाकडं फोडणारा एझ्रा कुऱ्हाड टाकून टेकडी चढून वर आला. माणसांमधून वाट काढत तिच्यासमोर उभा राहिला. डोळे मिटले आणि उजवा हात पुढे केला. तिनं त्याच्या अंगठ्याला हात लावला आणि विचारलं, कोणतं?

"नाही कळलं," एझ्रा म्हणाला. सहा महिन्यांनी तो तिच्याशी बोललेला पहिला शब्द तो.

तिनं दुसऱ्या बोटाला हात लावून पुन्हा विचारलं. तो म्हणाला, नाही कळलं. तिसऱ्याला, चौथ्याला, करंगळीला. पाचही वेळा तो मोठ्यानं म्हणाला, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. मग त्यानं डोळे उघडले आणि तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

त्याच्यामागे अठरा जणांची रांग लागली. त्यातल्या पाच जणांना बोट सांगता आलं नाही, आणि पाचही जणांनी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी उरलेले तेरा मालकाकडे गेले आणि म्हणाले, या पाचांना बॉयलरवर घ्या, सरपणावर घ्या, पण घ्या. नाहीतर आम्हीही चाललो. मालकानं घेतलं. न घेऊन करतो काय!

बघा, लागली रांग. कॅमेरा जरा खाली घ्या, दादा. पुढे उभे आहेत ते आमच्या गावचे सगळ्यात जुने ड्रिलर, आणि त्यांच्यासमोर त्यांची मुलगी. बोटं अगदी शाबूत आहेत त्यांची, परवाच आमच्याकडे बाजाची पेटी वाजवत होते. पण आजही पहिल्या माणसानं पाच वेळा 'नाही कळलं' असंच म्हणायचं असतं, सगळं कळत असलं तरी. मागच्याला खरं सांगायची लाज वाटू नये म्हणून.