बाटलीतल्या पेशींचा संताप

घाटातल्या नरक्या झाडांत कर्करोगावरचं औषध सापडलं आणि कुऱ्हाडी सुरू झाल्या, त्या काळची ही गोष्ट. झाडं वाचावीत म्हणून संशोधक शेवंताबाईंनी एका नरक्याच्या पेशी बाटलीत वाढवल्या. साखरपाण्यावर त्या माजल्या, पण औषध, म्हणजे अळ्या आणि घावांपासून बचावासाठी झाड बनवतं ते कडू विष, बनवेनात.

"इथे ना अळी, ना कुऱ्हाड. कशाला राबायचं?" पेशी म्हणाल्या.

शेवंताबाईंनी ताज्या तुटलेल्या खोडाचा रस बाटलीत ओतला. "ही तुमची आई. आज सकाळी तोडणाऱ्यांनी पाडली."

पेशींमधली विकरं, म्हणजे औषध घडवणारे कारागीर, खवळून उठली. "आई तुटली आणि तुम्ही साखर चाटताय? लाज वाटत नाही? उठा!"

आठवडाभरात बाटली औषधाने कडूजहर झाली. औषध बाटलीतूनच मिळू लागलं, तशा कुऱ्हाडी माघारी गेल्या. आई परत आली नाही. तिच्या मागची बारा झाडं मात्र उभी राहिली.