शेजारी बसून पाहिलेली गाठ

डोंगराच्या पायथ्याशी एक इवलंसं घर होतं आणि घराभोवती केशरी अबोलीची बाग. तिथे सुरंगी आईसोबत राहायची. डब्यात मूठभर तांदूळ, पण गावच्या देवीला वेणी वाहायचा मान मात्र तिच्या आईचा बरं का! आणि नेमक्या सणाच्या दिवशी आईच्या हातावर उकळती पेज सांडली. संध्याकाळपर्यंत वेणी गेली नाही तर मान दुसऱ्या घरी जाणार. देवीच्या फुलांना सुई टोचायची नाही, केळीच्या धाग्याने गाठी मारायच्या. आईच्या पुढ्यात बसून सुरंगीने ते रोज बघितलं होतं. पण आज स्वतः गुंफायला बसली, तर तिच्या गाठी पटापट सुटल्या. बिचारी रडकुंडीला आली.

आणखी फुलं खुडायला ती बागेत गेली, तर कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी चमचमत होतं. अगोबाई, परी! बोटभर उंचीची, अबोलीच्या रंगाच्या पंखांची. एवढी घाई, तरी सुरंगीने हलक्या हाताने एकेक तंतू सोडवला.

“गुणाची गं बाय!” परी म्हणाली. “माग काय हवं ते.”

“मला आईचे हात दे.”

“हात नाही देता येत, राणी. बघणं देते. मी गुंफते, तू मन लावून बघ. पण जसं बघशील तसंच हाती येईल. नको तेही येईल हं!”

परी समोर बसून गुंफू लागली. सुरंगीने बघितलं, गाठ मारली. सुटली!

“वेडाबाई, पुढ्यात बसून माझं उजवं तुझं डावं होतंय. ये, शेजारी बस.”

सुरंगी शेजारी सरकली. आणि काय सांगू, गाठ बसली! घट्ट! ती फुलं घेऊन घरात धावली नि आईजवळ बसून भराभर गुंफू लागली. ऊन उतरायच्या आत लांबलचक वेणी तयार! आईचा जीव भांड्यात पडला. तिने लेकीला पोटाशी धरलं.

“पण काय गं, गाठ मारताना जीभ का बाहेर काढतेस?”

“परी काढते ना, म्हणून!”

“अगं, ही तर माझी खोड! परीला कुणी शिकवली?”

तेवढ्यात आईच्या खांद्यावर केशरी उजेड लखकन हलला. रोज तिथेच बसून शिकलेली परी दोघींना जीभ दाखवून हसली, आणि त्या उजेडात नाहीशी झाली.