गोधडीतलं तळं

शकू, मधू, हुंकार देत राहा हं, नाहीतर गोष्ट थांबते.

एकदा काय झालं, एका राजाच्या बागेत एक तळं होतं आणि तळ्याकाठी गोजरा माळीण राहायची. तिला एकच लेक, तुळसा. तुळसा जन्मली ती बेडकांचं डरांव डरांव ऐकत, आणि रोज झोपायचीही तेच ऐकत. मग ती मोठी झाली, मग तिचं लग्न झालं. सासर मिळालं सात डोंगरांपलीकडे, नुसत्या कातळावर. तिथे पाणी यायचं ते बैलाच्या पाठीवरच्या पखालीतून. बेडूक तर औषधालाही नव्हता.

झालं. तुळसाला झोपच येईना. एक रात्र गेली, दोन गेल्या, पंधरवडा गेला. पोरगी वाळून काडी झाली. वैद्याने नाडी पाहिली नि सांगितलं, झोप आली नाही तर ही काही फार दिवस काढायची नाही. गावोगाव बांगड्या विकत फिरणारा एक कासार होता. त्याने ही बातमी गोजराला आणून दिली.

गोजरा रडली, बरं का. मीही रडले असते. तळं काही डोक्यावर घेऊन जाता येत नाही. मग तिने डोळे पुसले आणि गोधडी शिवायला घेतली. गोधडीच्या मधोमध तळं शिवायचं, असं तिने ठरवलं. पण तळ्याच्या रंगाचं कापड आणायचं कुठून? तिने एक जुनं पांढरं धडुतं काढलं नि त्याचे तीन तुकडे केले. पहिला सकाळी तळ्यात बुडवला, तो हिरवागार होऊन वर आला. दुसरा दुपारी बुडवला, तो निळा झाला. तिसरा दिवेलागणीला बुडवला, तो असा गुलाबी निघाला की बघत राहावं. मग निळ्याचं झालं पाणी, हिरव्याची पानं आणि गुलाबीचं कमळ. मग ती टाके घालू लागली, कडेने सुरू करून गोल गोल आत. तळ्यात खडा टाकला की कशी वर्तुळं उठतात, तसे टाके. काठावर बेडूक ओरडत बसले होते. त्यांचा आवाजही दोऱ्याबरोबर आत ओवला गेला.

आता नीट ऐका. गोधडी पुरी करताना मधे मूठभर जागा उघडी ठेवतात. तिथे भाकरीचा घास घालतात, मगच शिवतात. गोधडी उपाशी राहिली तर ऊब देत नाही ना, म्हणून. पण गोजराचे डोळे भरून आलेले, सगळं मन लेकीपाशी. ती घास घालायचा विसरली आणि गाठ मारून मोकळी झाली. कासाराने गोधडी पोचती केली.

तुळसाने ती पांघरली. तळ्यावरून हात फिरवला तर बोटं ओली झाली. कमळ उमललं. डरांव डरांव सुरू झालं. तिला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पण गोधडी गार. पहिल्या रात्री गार, दुसऱ्या रात्री त्याहून गार, तिसऱ्या रात्री तर दातावर दात वाजू लागले. अशी कुठली झोप येते?

सकाळी तिने तळ्याचा मध्य चाचपला आणि तिला उमगलं, आई घास घालायची विसरली. तिने मधले टाके उसवले. पण घास मागायचा कुणाला? सासू मोठी करारी. नवी सून गोधडीसाठी भाकर मागते, हे ऐकून ती काय म्हणेल? तुळसा गोधडी घेऊन चुलीपाशी नुसती उभी राहिली. सासू भाकरी थापत होती. काय झालं म्हणून तिने विचारलं, तेव्हा तुळसाने रडत रडत सगळं सांगितलं.

सासूने तव्यावरच्या भाकरीचा तुकडा मोडला, त्याला लोणी लावलं आणि आपल्या हाताने गोधडीच्या पोटात घातला. तुळसाने टाके घालून गाठ मारली. पण सासूचा हात काही त्या पाण्यावरून निघेना.

"माझ्या माहेरी नदी होती गं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं झाली, कुणाला बोलले नाही. बोलायचं कुणापाशी?"

"या आत्याबाई, इथं टेका जरा," तुळसा म्हणाली. "दोघींना पुरंल ही."

गोधडी आता छान उबदार झाली होती. मग दोघी भर सकाळी चुलीपुढेच आडव्या झाल्या आणि गाढ झोपल्या. तव्यावरची भाकरी करपली. दुपारी सासरा आणि तुळसाचा नवरा रानातून आले. बघतात तर काय, चूल विझलेली, दोघी घोरतायत, आणि घरात बेडूक ओरडतायत. त्यांनी मुकाट्याने करपलेली भाकरी खाल्ली, पण दोघींना काही उठवलं नाही.

तेव्हापासून तुळसा खडखडीत बरी झाली, सासू चारचौघात हसू लागली, आणि ती माणसं सुखात राहिली.

माझ्या माहेरी काय होतं? विहीर होती बाळा, पायऱ्यांची. आम्ही मैत्रिणी सातव्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडायचो. फार आठवण येते तिची. मधू, सरक थोडा, मलाही आत येऊ दे. आणि मिटा आता डोळे.