बुंध्याशी लाल

"औषध तेच. माप तेच. मग यंदा हे गवत मरत का नाही, महाराज?"

चैतरामचा आवाज धुक्यात विरून गेला.

तापीकाठच्या गोसाव्यांच्या मठामागे एवढंसं गव्हाचं शेत. पौषातली सकाळ, आणि धुकं असं उतरलेलं, की बांधावर बसलेले केवळपुरी महाराज खरंच तिथे आहेत की आपल्याला भास होतोय, हेच चैतरामला कळेना. महाराजांचे डोळे मिटलेले. झोपले होते की ऐकत होते, देव जाणे.

मठाची रीत अशी, की दीक्षेच्या दिवशी शिष्याने स्वतः पिकवलेल्या गव्हाची पोळी गुरूंच्या पानात वाढायची. त्या पोळीसाठी चैतराम चार वर्षं आसुसला होता. यंदा कुठे महाराज हो म्हणाले. आणि नेमकं यंदाच निम्म्या शेतात हे मेलं गवत! रूप गव्हासारखं, उंची गव्हासारखी. ओळखायची खूण एकच, बुंधा. गव्हाचा पांढरट, गवताचा लाल. पण तो बघायला वाकावं लागतं. आणि शेतकी कॉलेजातून शिकून आलेल्या आमच्या चैतरामला वाकायचा भारी कंटाळा. खुरपणाऱ्या बायांना त्याने पहिल्याच वर्षी घरी पाठवलं होतं. "फवारणीचा पंप आहे ना," म्हणाला.

"झोपलात का, महाराज?"

"नाही रे... मरत का नाही, ते तुझं पुस्तक काय म्हणतं?"

पुस्तकाचं नाव निघताच स्वारी खुलली.

"प्रत्येक रोपात एक जागा असते, महाराज. औषध तिथे जाऊन बसतं, आणि रोप मरतं. पण एखाद्या रोपात ती जागाच जराशी वेगळी घडलेली असते. औषध बसतच नाही. आणि तो गुण बियांतून पुढच्या पिढीत उतरतो."

"म्हणजे औषधाने ते रोप तसं झालं."

"छे, छे! ते जन्मतःच तसं. आधीपासून असतं. लाखांत एखादं."

"मग बाकीचं गवत कुठे गेलं?"

"मी मारलं की!"

"आणि रान कुणाला मोकळं करून दिलंस?"

पहिल्या वर्षी फवारणीनंतरही ताठ उभी राहिलेली गवताची सात ताटं चैतरामच्या डोळ्यांपुढे आली. सातच तर आहेत, कोण वाकतंय, म्हणून त्याने ती सोडून दिली होती. मग दर वर्षी तेच औषध, आणि दर वर्षी त्या सातांचाच वंश. आपणच पोसलं की हे!

"त्याचं बी कधी गळतं?" महाराजांनी विचारलं.

"गहू पिकायच्या आधी... आणखी महिन्याभरात."

महाराजांनी शेजारचा विळा उचलून त्याच्या हातात दिला.

"काप."

"गवत?"

"सगळं. गाईंना घाल."

"गहूसुद्धा? अहो महाराज, आत्ता कुठे ओंब्या डोकावतायत! मग माझी पोळी... माझी दीक्षा?"

महाराजांनी पुन्हा डोळे मिटले.

चैतराम शेतात उतरला. रडत रडत कापू लागला. धुक्यात पुढचं काही दिसेना, मागचं काही दिसेना; विळ्याचा खसखस आवाज तेवढा कानांवर येत होता, तोही दुसऱ्याच कुणाचा असावा असा. लाल बुंधा, पांढरा बुंधा, पुन्हा लाल. कापून कापून हात भरून आले, आणि रडू कधी थांबलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. उन्हं आली. धुकं विरलं. मोकळ्या रानात तो एकटाच उभा होता, आणि अंगात कसं पिसासारखं हलकं वाटत होतं.

तसाच तो बांधाशी आला. विळा महाराजांच्या पायांशी ठेवला.

"महाराज, झालं. चार वर्षांची आशा मी एका सकाळीत कापून टाकली. मूठभर गहूसुद्धा मागे ठेवला नाही. असा शिष्य या मठात आजवर झाला नसेल... आता तरी दीक्षा द्याल ना?"

महाराज गुडघ्यांवर हात टेकत उठले. हळूहळू वाकले, पार खाली. चैतरामच्या धोतराचा काठ त्यांनी दोन बोटांनी बाजूला केला आणि त्याचा घोटा बराच वेळ निरखून पाहिला.

"चैतराम," ते म्हणाले, "बुंध्याशी अजून लालच आहे रे."