इंदूचा वाटाणा आणि आबांचा पाय

गाडी थेट बंगल्यापर्यंत जावी म्हणून माजी सरपंच आबा कुंजीरांनी बांधाकडेचा चर बुजवला, आणि पावसाचं सगळं पाणी खालच्या इंदूच्या वाटाण्यात तुंबलं. मुळांना बुरशी लागली, अर्धं रान पिवळं पडलं. उरलेलं वाचवायचं तर चर उघडायलाच हवा होता.

इंदूनं पंचांना बांधावर आणलं.

"अगं, पाणी म्हणजे जीवन!" आबा गरजले. "पाण्यानं कधी पीक मेलंय? तुझं बियाणंच रोगट."

पंचांनी माना डोलावल्या. आबांसमोर त्यांच्या मानांना दुसरं काही जमतच नसे.

"बरं आबा," इंदू म्हणाली, "मग वहाणा काढा आणि निवाडा होईस्तोवर या चिखलात उभे राहा. पाय धड राहिले, तर दोष बियाण्याचा."

आबा दचकून मागे सरले. "छे गं! आधीच बोटांत चिखल्या झाल्यात. डॉक्टरांनी पाय कोरडे ठेवायला सांगितलंय."

"तुम्ही मागे तरी सरलात. माझ्या वाटाण्याला पाय उचलून पळता येत नाही, आबा. त्यानं कुठं जायचं?"

पंच आबांच्या पायांकडे बघत राहिले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर खदाखदा हसले. हसता हसताच एकानं फावडं मागवलं.