भिंगावरचं झाकण

नदीकाठी अजून भरपूर वाळू होती, तेव्हाची गोष्ट. शकूताई कासवांचे फोटो काढत काठाकाठाने हिंडायच्या. त्यांच्या कॅमेऱ्याच्या भिंगाला आपल्या नजरेचा भारी तोरा. शेजारी दोरीला लोंबणाऱ्या झाकणाला ते सारखं हिणवायचं, "तू आलंस की अंधार! तुझा उपयोग तरी काय?"

एका सकाळी एक कासवी वाळूत खड्डा करून अंडी घालू लागली. भिंग हरखून गेलं. "ताई, जवळ चला! असा फोटो पुन्हा मिळायचा नाही."

"ताई, आधी मागे बघा," झाकण हळूच म्हणालं.

मागच्या बाभळीवर कावळा बसला होता. कॅमेरा जिकडे वळेल, तिकडे तो मान वळवत होता.

शकूताईंनी एकही फोटो न काढता भिंगावर झाकण लावलं. मग कॅमेरा पलीकडच्या रिकाम्या काठाकडे वळवला आणि मोठं घबाड सापडल्यासारखा चेहरा करून उभ्या राहिल्या. कावळा लगबगीने तिकडे उडाला आणि वाळू उकरत बसला. इकडे कासवीने अंड्यांवर वाळू लोटली आणि ती संथपणे पाण्यात उतरली.

"मला पुढचं काहीच दिसलं नाही!" अंधारात भिंग रडकुंडीला आलं.

"कावळ्याला तरी कुठे दिसलं?" झाकण म्हणालं.